मागच्या पंगतीची रोपं

सिंहस्थ सरला, नवरात्र उठलं, आणि पंचवटीच्या गल्लीतल्या देवीच्या देवळातून गोरक्ष पुजाऱ्यानं रिक्षाभर पोती मखमलाबादच्या मळ्यात धाडून दिली. पोत्यांत फुलं होती. देवीच्या अंगावरून उतरलेली, कुंकवानं माखलेली, कापराचा वास प्यालेली. नवसाबाईनं पहिल्या पोत्याचं तोंड सोडलं तसा आतून उबदार श्वास बाहेर आला, जणू आत कुणी झोपलं होतं आणि आता कुशीवर वळलं.

फुलं तिच्या ओळखीची होती. ह्याच मळ्यात ती उगवली होती. तिनंच ती खुडली, सून भाग्यश्रीनं ओवली, आणि मुलानं, भारतनं, मोटरसायकलच्या मागं पाटी बांधून पंचवटीत नेऊन विकली. आता देवीचं करून ती माघारी आली होती. लेकी पहिल्या सणाला येतात तशी. जरा कोमेजलेली, अंगावर हळदकुंकू, आणि पोटात सांगण्यासारखं पुष्कळ.

एरवी गोरक्ष हे निर्माल्य गंगेत सोडायचा. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. पण हल्ली घाटावर लोक हात धरायला लागले होते, फुलं पाण्यात टाकू नका म्हणायचे. उकिरड्यावर टाकायला गोरक्षचं मन घेईना. त्यात एके दिवशी नवसाबाई दर्शनाला आली आणि ओटी भरून झाल्यावर हळूच म्हणाली, “गोरक्षभाऊ, ती उतरलेली फुलं मला द्या. टमाट्याला घालते.”

“टमाट्याला?” गोरक्षनं समईची वात सारता सारता मागं पाहिलं. “देवीचं निर्माल्य, वहिनी, अन् टमाट्याला?”

“आमच्या ह्यांच्यासाठी लावायचेत.”

गोरक्ष पुन्हा समईकडं वळला. चिमाजीचं त्याला ठाऊक होतं.

चिमाजी म्हणजे नवसाबाईचा नवरा. श्रावणात त्याला मुदतीच्या तापानं धरलं. भादव्यात ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. भाकरी चावली की माती चावल्यागत लागते म्हणायचा. दूध निळं लागतं म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, आजार संपला, आता पोटात अन्न जाऊ द्या, दुसरं औषध नाही. पण अन्न जाईना. दोन घास, की ताट बाजूला. ओसरीपुढच्या शेवग्याखाली त्याची बाज टाकलेली असे. वाऱ्यानं शेवग्याची पानं हलली की बाजेवरची सावली हलायची, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, सावलीबरोबर माणूसही हलतोय, इतका तो हलका झाला होता.

एकदा भाग्यश्रीनं टोमॅटोचं सार करून दिलं. चिमाजीनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि वाटी खाली ठेवली.

“युरियाचा टमाटा हाय.”

“दादा, युरियाला कुठं चव असती?” भारत म्हणाला. टोमॅटो त्याच्या प्लॉटमधला होता, त्याला ते लागलं.

“तेच म्हणतो ना,” चिमाजी म्हणाला. “चव कुठं हाय?”

भारत हसला आणि चप्पल अडकवून निघून गेला. पण त्या बोलण्यापासून नवसाबाईच्या मनात एक टोमॅटो लागला. कालव्यावर धुणं आपटताना तो तिला दिसायचा. भाकरी थापताना तव्याच्या पलीकडं दिसायचा. फार मोठा नाही, देठाशी थोडा हिरवा, बाकी लालभडक, आणि त्याच्या अंगाला युरियाचा कणही न लागलेला. त्याच्या मुळाशी काय घालायचं, तर जगात जे सगळ्यात चांगलं ते. देवीनं अंगावर घेतलेली फुलं. असा टोमॅटो तोंडात फुटला तर चव माघारी येणार नाही का? येणारच. त्याची तिला शंका नव्हती. शंका एकाच गोष्टीची होती, की तोवर हा माणूस राहील ना.

भारतनं विहिरीकडचा तुकडा तिला सोडून दिला. बाकीच्या रानात त्याचे टोमॅटो होते, गोण्यांतल्या खतावर वाढणारे. पोती पाहून तो म्हणाला, “आई, ही आधी कुजव. खड्ड्यात टाक, शेणकाला ओत, चांगली तुडव, मग घाल.”

“तुडव?” नवसाबाईनं मान वर केली. “देवीच्या गळ्यातल्या माळेवर पाय देऊ मी?”

“मंग फावड्यानं तरी तोड.”

“देवाला फावडं लावत्यात का कुणी?”

“ती आता देव नाय, आई. ते खत हाय.”

“तुला खत दिसतं,” नवसाबाई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

हात धुऊन, पदर खोचून तिनं माळा सरीच्या तळाशी निजवल्या. दोऱ्यासकट, गाठीसकट, जशा देवीच्या गळ्यातून उतरल्या तशा. एक माळ उलगडायची, दोन्ही टोकं धरून मातीवर लांबवायची, मग दुसरी. फावडं तिनं लांब ठेवलं होतं. हातानंच माती ओढून तिनं माळांवर पांघरूण घातलं, वर टोमॅटोची रोपं लावली, आणि रोपागणिक थोडं पाणी देताना तिच्या तोंडून ओवी आली. कुठून आली ते तिलाही कळलं नाही. वाकलं की तिच्या तोंडून ओवी यायची, जशी कळशी वाकली की पाणी येतं.

झेंडूच्या गं फुला, मळ्यात तुझं माहेर
देवीच्या गं गळी, चार घटका सासर
माघारी आली लेक, नका बोलू मोठ्यानं
मातीच्या मांडीवर, निजली ती थकव्यानं

शेवग्याखाली चिमाजी डोळे मिटून पडला होता. आवाज त्याच्यापर्यंत येत होता, पण माणसाचा वाटत नव्हता. पाटाच्या पाण्यातून येतोय असा वाटत होता. त्या आवाजात त्याचाही डोळा लागला, आणि झोपेत त्याला वाटलं की आपल्यालाही कुणीतरी लांब करून, दोन्ही टोकं धरून, सरीत ठेवत आहे, आणि वरून माती येते ती गोधडीसारखी मऊ आहे. बरं वाटलं त्याला ते. जागा झाल्यावरही कितीतरी वेळ तो तसाच पडून राहिला.

घरात त्या तुकड्याला देवीच्या सऱ्या असं नाव पडलं.

कार्तिक लागला. सकाळी कालव्यावरून धुकं उठायचं आणि मळ्यात शिरायचं, तेव्हा भारतचा प्लॉट त्यात काळपट हिरवा दिसायचा, ढग खाली उतरल्यासारखा. देवीच्या सऱ्या मात्र धुक्यात दिसायच्याच नाहीत. धुकं विरलं तरी नीट दिसायच्या नाहीत. रोपं लावली तेवढीच होती. वाढ नाही, रया नाही. आणि मग खालची पानं पिवळी पडायला लागली. नवसाबाई रोज जाऊन एकेका रोपापाशी उकिडवी बसायची. देवीच्या फुलांवर बसवलेली पोरं उपाशी कशी, हे तिला उमगत नव्हतं.

शेवटी एक पिवळं पान खुडून तिनं चिमाजीला आणून दाखवलं. आजारी पडला तरी झाडाचं त्याला कळायचं. त्यानं पान उन्हात धरलं. पानाच्या शिराशिरांतून ऊन आलं.

“खालचं पान ना हे?”

“खालचंच. शेंडा हिरवा हाय अजून.”

“मंग बरोबर हाय,” चिमाजी म्हणाला. “झाडाला कमी पडलं का ते म्हाताऱ्या पानातलं बळ काढून घेतं अन् शेंड्याला देतं. म्हातारं पान पिवळं पडून गळतं. कोवळं वाढतं. झाडाचा न्याय हाय त्यो.”

शेवग्याची एक पाकळी येऊन बाजेवर पडली. चिमाजीनं ती बोटानं सारली आणि पडल्या पडल्याच पुढं म्हणाला, “माणसात बी तसंच असावं. भारतचं आता बरं चाललंय. भाग्यश्रीला दिवस गेलेत. आपला शेंडा हिरवा हाय, नवसे. मंग खालच्या पानाचं काय घेऊन बसली.”

ते तो रडून म्हणाला असता तर ती त्याला रागं भरली असती. पण पाण्याची पाळी आज कुणाची, असं सांगावं तसं तो सहज म्हणाला, आणि त्यानं पान छातीवर ठेवून डोळे मिटून घेतले. नवसाबाई उठली. पाय नेतील तिकडं चालत राहिली. पाय तिला गोठ्यामागच्या खोलीत घेऊन गेले, जिथं भारतची खताची गोणी उभी होती.

युरियाचे दाणे साबुदाण्यासारखे पांढरे, निर्मळ. हात ओला होता, त्यात दाणे विरायला लागले तसे बोटांना गार लागले. देवळातल्या फरशीसारखे गार. तिनं पदर पुढं करून तो भरला. कणही लागू द्यायचा नाही म्हणणारी बाई देवीच्या सऱ्यांत शिरली आणि एकेका रोपाच्या बुडाशी मूठ मूठ सोडत गेली. “खा बाय,” म्हणायची. “खा. खालचं पान गाळू नको.” मागून पाणी दिलं. पुढच्या पाण्यालाही तिनं पदर भरला. त्याच्या पुढच्यालाही. घरात कुणाला सांगितलं नाही, चिमाजीला तर नाहीच.

आणि रोपं उठली. आधी पिवळेपणा गेला, मग पोपटी रंग आला, मग तो रंग दाट होत होत असा काळाभोर झाला की सऱ्यांत शिरलं की सावलीत शिरल्यासारखं वाटावं. खोडं अंगठ्याएवढी झाली. पानं रुंद, गुबगुबीत, कडेनं आत वळलेली. बांबूला सुतळीनं बांधलेल्या फांद्या आठवडाभरात सुतळीच्या वर जायच्या, पुन्हा बांधायच्या, पुन्हा वर. भारतनं कमरेवर हात ठेवून ते पाहिलं.

“आई, देवी पावली तुला. माझा प्लॉट मागं टाकला की.”

“देवीचं देवीला ठाऊक,” नवसाबाई म्हणाली आणि पदर सावरला.

फुलं आली तेव्हा तिला वाटलं, आता झालं. पिवळी, चांदणीएवढी फुलं. पण देठाशी पिवळी पडून ती गळायची. खाली मातीवर फुलांचा सडा, फांदीवर पाला. थोडी फुलं टिकली, त्यांचे टोमॅटो धरले. ते फुगले, आणि फुगून तसेच राहिले. हिरवे, दगडासारखे. काहींच्या बुडाला काळा चट्टा पडला. घाईनं वाढणाऱ्या झाडाच्या फळाला चुना पोचत नाही, असं भारतला दुकानवाल्यानं सांगितलं. भारतचे टोमॅटो लाल होऊन क्रेटांत बसून जात राहिले. मापानं खत खाल्लेले ते, वेळेवर पिकणारे. देवीच्या सऱ्यांतले टोमॅटो पालवीच्या अंधारात हिरवे लोंबत राहिले. मार्गशीर्ष गेला, पौष आला. नवसाबाई रोज पाला बाजूला सारून पाहायची, कुठं लाल दिसतंय का. पौषातल्या थंडीत तर ते आणखीच मुके झाले.

इकडं चिमाजीच्या दोन घासांचा एक घास झाला होता. भारत हलक्या आवाजात दवाखान्यात ठेवून बाटल्या लावायचं बोलायला लागला.

तेव्हा नवसाबाईनं देवीच्या सरीतली एक फांदी मोडली आणि ती घेऊन बाजेच्या पायथ्याशी जाऊन बसली. चिमाजीनं पान बोटांत चुरगळलं, नाकाशी नेलं.

“नवसे, ह्यो पाला देवीचा नाय. भारतच्या गोणीचा हाय.”

“मुठीनं घातला,” ती म्हणाली.

“किती?”

“हात थांबंपर्यंत.”

“अन् थांबला कव्हा?”

“थांबलाच नाय.”

चिमाजीच्या छातीत काहीतरी हललं. खोकला असेल म्हणून ती तांब्या उचलायला वळली. पण तो हसत होता. किती महिन्यांनी हसत होता, त्यामुळं त्या हसण्याला वाट सापडत नव्हती, ते नाकातून येत होतं, डोळ्यांतून येत होतं.

“हसताय काय? पिवळी पडली होती लेकरं.”

“पडणारच,” तो म्हणाला. “तू माळा अख्ख्या पुरल्या. मातीत कुजवणारे जीव असत्यात, डोळ्याला दिसत नाय. फुलं पडली का पहिली पंगत त्यांची बसती. अन् फुलं पचवायची तर फुलांतलं बळ त्यांना पुरत नाय, म्हणून मातीतलं बळ ते ओढून घेत्यात. रोपं मागच्या पंगतीची. वासावर बसलेली. पहिली पंगत उठल्याबिगर त्यांचं पान पडत नाय.”

“मंग मी थांबायला पाह्यजे होतं?”

“थांबायला नायतर फुलं आधी कुजवायला. तू काय केलं, तर त्या पोरांना उभ्या उभ्या चहा पाजला. चहावर चहा. तेवढ्यात पहिली पंगत उठली, जेवण बी आलं समोर. आता ती नुसती अंगानं वाढत्यात. फळ धरायचं, पिकवायचं, त्याची त्यांना कशाला काळजी? काळजी असायला जरा पोट रिकामं लागतं.” तो थांबला. दम लागला होता. “एवढी घाबरली कशानं पण तू?”

नवसाबाई फांदीवरची पानं एक एक करून मोडत होती.

“तुम्ही म्हणला म्हणून.”

“मी काय म्हणलं?”

“म्हातारं पान गळतं अन् शेंडा वाढतो म्हणला. त्योच न्याय म्हणला.” तिनं फांदी खाली ठेवली. “झाडाचा असंल. झाडाला कुठं मांडी असती? भाग्यश्रीच्या लेकराला आजाच्या अंगातलं बळ नको हाय. आजा पाह्यजे, बसायला. मला रोपं पिवळी बघवली नाय, अन् तुम्ही बी. म्हणून हात थांबला नाय.”

चिमाजीनं कालव्याकडं तोंड फिरवलं. कालव्यावर ऊन पडलं होतं आणि पाणी वाहत नसून नुसतं चमकत उभं आहे असं दिसत होतं. त्या उजेडाकडं तो फार वेळ पाहत राहिला. ती उठून गेली तरी पाहत राहिला.

पौषी पुनवेला शाकंभरीचं नवरात्र संपलं. दुसऱ्या दिवशी गोरक्ष स्वतःच रिक्षात पोत्यांबरोबर बसून आला. मधल्या महिन्यांत त्यानं धाडलेली पोती विहिरीपाशी पडून होतीच. नवसाबाईच्यानं ती ना मातीत पुरवत होती, ना टाकवत होती. तिची पावलं वळसा घालून जायची.

“भाऊ कसे हायेत?” गोरक्षनं विचारलं.

“बघा की,” नवसाबाई म्हणाली.

भारतनं पोत्याला हात घातला. “आई, हे आता मी उन्हाळी वाफ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात ओततो अन् तुडवतो. तू आत जा. बघू नको म्हणजे झालं.”

“तुला फक्त तुडवता येतं,” बाजेवरून आवाज आला. “दोरा कोण काढणार?”

सगळे वळले. चिमाजी उठून बसला होता. पाय जमिनीवर टेकून तो त्यांच्याकडं असा पाहत होता, जणू दुसऱ्या कुणाचे पाय त्याच्याकडं ठेवायला दिले होते. गोरक्ष पुढं झाला. त्याच्या खांद्यावर हात टाकून चिमाजी विहिरीपर्यंत आला, मधे दोनदा थांबला, आणि खड्ड्याच्या काठावर बसला.

“हं. ओत.”

माळा खड्ड्याकाठी ओतल्या गेल्या. सुकलेला झेंडू, काळवंडलेली शेवंती, आणि शाकंभरीच्या भाज्या. देवीपुढं मांडलेली पालकाची जुडी, मेथी, वांगी, दुधी. चिमाजीनं एक माळ घेतली, गाठ सोडली, दोरा ओढला. फुलं टपटप खड्ड्यात पडली. दोरा त्यानं बाजूला ठेवला. गोरक्ष बसला. नवसाबाई बसली. दोरे साठत गेले, पिवळे, नारिंगी, आणि पाकळ्या बोटांना चिकटत राहिल्या. भारतनं शेणकाला आणून ओतला.

“आता ओंजळभर युरिया आण,” चिमाजी म्हणाला.

भारत बघत राहिला. “दादा, तुम्हीच तर…”

“हिथं चालतो. पहिल्या पंगतीला वाढायचा. मंग ती मातीतलं ओरबाडत नाय, अन् लवकर उठती.” मग त्यानं लेंगा वर ओढला आणि पाय खड्ड्यात सोडले.

“पाय नका लावू,” नवसाबाई पटकन म्हणाली.

“नवसे, ह्या फुलांच्या रोपांमधून मी जन्मभर अनवाणी फिरलो. माझ्या पायाखालच्या मातीतनंच ती वर आली. देवीनं गळ्यात घातली का नाय? तिनं विचारलं का, आधी कुणाचे पाय लागले म्हणून?”

नवसाबाईनं गोरक्षकडं पाहिलं. शेवटी देवीच्या जवळचा माणूस तोच.

गोरक्षनं मानेमागं खाजवलं. “वहिनी, खरं सांगू का? रोज सकाळी कालची फुलं गाभाऱ्यातनं मी खराट्यानंच काढतो. देवीनं अजून तरी मला काढलं नाय.”

नवसाबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलले. मग तिनं खड्ड्याच्या काठाला डोकं टेकलं, पाय लागण्याआधीच पाया पडून घेतलं, आणि चिमाजीच्या हाताला धरून आत उतरली.

फुलं आतून गरम होती. वरच्या थराखाली पाऊल गेलं की पोटरीपर्यंत ऊब चढायची. शेणाचा, झेंडूचा, मेथीचा वास एकमेकांत मिसळून असा झाला की त्याला वेगळं नाव देता येईना. ती दोघं एकमेकांना धरून हळूहळू पाय उचलत होती, टाकत होती. खाली गुलाल नव्हता, वर वाजंत्री नव्हती, पण लांबून पाहणाऱ्याला कसला तरी नाच चालला आहे असंच वाटलं असतं. चिमाजीच्या कपाळावर घाम आला. त्याला तो ओळखू येईना. तापाचा घाम गार असतो. हा तसा नव्हता.

“पुरे,” भारत म्हणाला.

“तुझ्या हातात काय हाय? शेण ओत अजून.”

भारतनं शेण ओतलं.

शेवटी चिमाजी काठावर बसला, पाय खड्ड्यातच सोडून. श्वास खाली बसू दिला. मग त्यानं नाक वर केलं.

“भाग्यश्री काय करून राह्यली? वास कसला येतोय?”

घरातून तव्यावर काहीतरी भाजल्याचा खमंग, आंबट वास येत होता. नवसाबाईला माहीत होतं. सुनेला डोहाळे आंबटाचे लागले होते. देवीच्या सऱ्यांतले हिरवे टोमॅटो ती रोज पदरात घालून न्यायची, चिरून तव्यावर भाजायची, आणि मिरची, लसूण, शेंगदाणे घालून पाट्यावर रगडायची. सासूनं एकदा हटकलं होतं, तर म्हणाली, “आत्याबाई, तुमच्या देवीला सांगा, एकाला लाल लागतात अन् एकीला हिरवे.”

“ठेचा करत असंल,” नवसाबाई म्हणाली. “तिच्यासाठी. तुमचे अजून पिकायचेत. मी वाट बघून राह्यले.”

“पिकतील तव्हा पिकतील. भूक आत्ता लागली. आण म्हणाव.”

भारतनं हाक मारली. भाग्यश्री ताटलीत भाकरी आणि ठेचा घेऊन आली, एक हात कमरेवर ठेवून, सावकाश.

“मामा, तिखट हाय बरं का.”

चिमाजीनं हात धुतले. भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला, तोंडात घातला. कुणी त्याच्याकडं पाहत नव्हतं. गोरक्ष दोऱ्यांची गुंडी करत होता, भारत रिकामी पोती झटकत होता, भाग्यश्री विहिरीत डोकावत होती. नवसाबाई तिथंच खड्ड्यात उभी होती, घोट्यापर्यंत फुलांत, आणि त्याच्या जबड्याचं हलणं पायांनी ऐकत होती.

तो खूप वेळ चावत राहिला. मग गिळलं. मग त्याच्या कपाळावर एक आठी पडली.

“मीठ कमी हाय.”

विहिरीवरचं कबूतर उडालं, त्याच्या पंखांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“बरोबर घातलं होतं मी,” भाग्यश्री म्हणाली. तिचा आवाज मधेच वर गेला.

गोरक्षनं बोटानं थोडा ठेचा उचलून जिभेला लावला. “कमीच हाय, सूनबाई. भाऊ खरं बोलत्यात.”

“मंग?” चिमाजी म्हणाला आणि दुसरा तुकडा मोडला. “आणा की कुणीतरी.”

“मी आणते,” नवसाबाई म्हणाली.

ती खड्ड्यातून वर आली आणि घराकडं चालू लागली. पावलांना लागलेल्या पाकळ्या ओसरीवर उमटत गेल्या. आत स्वयंपाकघरात अंधार होता, चुलीत निखारे होते. तिनं मिठाची बरणी उघडली, तिच्यात हात घातला, आणि हात तसाच आत राहिला. कुठल्या भाजीला किती, कुठल्या डाळीला किती, इतकी वर्षं हे मीठ तिच्या बोटांनी आपोआप उचललं होतं. आज बोटांना माप आठवेना.

बाहेरून आवाज आला. आजारी माणसाचा नाही, मळ्यातून हाक मारणाऱ्या माणसाचा, जरा कावलेला.

“नवसे, मीठ काय समुद्रावरनं आणून राह्यली का?”

“आले,” ती म्हणाली, पण ते तिलाच ऐकू आलं. मग तिनं चिमूटभर मीठ आधी स्वतःच्या जिभेवर ठेवलं, ते विरेपर्यंत उभी राहिली, आणि वाटी भरून घेऊन बाहेर गेली.